घोंगड्यांचा हॉल

मी राजेघाटचा प्रदर्शन हॉल बोलतोय. आवाज जरा घुमला तर सांभाळून घ्या. हे माझं जन्मापासूनचं दुखणं आहे. पण त्या दुखण्यावर रागावण्याचे दिवस आता गेले. आज मी उभा आहे तो त्या दुखण्यामुळेच.

सातारा आणि सांगली यांच्या मधे, कृष्णेच्या काठावर आमचं राजेघाट आहे. खेडं म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लोक हसतील. पूर्वी इथे एक संस्थान होतं. ते इतकं लहान की राजेसाहेबांचा हत्ती शिवेवर वळला तर त्याची सोंड परमुलखात जायची, असं शेजारचे लोक म्हणायचे. हे राजेसाहेब एकदा मुंबईला गेले, तिथे एक भलंमोठं प्रदर्शन पाहिलं आणि परत आले ते माझं खूळ डोक्यात घेऊनच. दिवाण म्हणाले, आधी शाळेवर कौलं घालू. राजेसाहेब म्हणाले, आधी हॉल. अशा रीतीने शाळेच्या पोरांच्या डोक्यावर पाणी गळत असताना माझा पाया खणला गेला. तेवढं एक मला अजून लागतं.

माझे चोवीस लोखंडी खांब विलायतेहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने आले. स्टेशनपासून मात्र बैलगाड्याच. ओढ्याजवळच्या काळ्या मातीत गाडी रुतली की बैल हात टेकायचे, आणि मग महारवाड्यातल्या माणसांना बोलावणं जायचं. दोर लावून त्यांनी एकेक खांब वर काढला. त्यांत कोंडीबा नावाचा उंच माणूस होता. डोक्याला तांबडं मुंडासं बांधायचा. एक खांब गाडीवरून घसरला तो त्याच्या उजव्या पायावर. कोंडीबाने आधी खांब सावरला आणि मग तो खाली बसला. दोन बोटं गेली. पुढे तो जन्मभर लंगडत चालला. तो खांब मला पक्का ठाऊक आहे. मोठ्या दाराकडून मोजलं तर उत्तरेच्या रांगेतला तिसरा.

अठराशे एक्याण्णव साली माझं उद्घाटन झालं. चारी बाजूंनी खांबांवर उभा केलेला सज्जा, सज्जाला नक्षीचा कठडा, वर रंगीत काचा. बघणाऱ्यांच्या माना दुखल्या. खांब ओढणारी माणसं मात्र उत्तरेच्या भिंतीबाहेर उभी होती. त्यांना आत कुणी बोलावलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. तेव्हाची रीत तशी होती. मी नवा होतो, मलाही ती रीतच वाटली. म्हातारपणी आता तिची लाज वाटते, तेही सांगून टाकतो.

त्या पहिल्या प्रदर्शनाची आठवण काढली की अजून मला हसू येतं. सांगलीकडची हळद, गुळाच्या ढेपा, बारा हात लांबीचा ऊस, आणि मधोमध एक शिवण्याचं यंत्र. बायकांनी दुपारपर्यंत त्या यंत्राला इतकं हळदीकुंकू लावलं की चाक फिरेना. चपला सगळ्यांनी बाहेर काढल्या होत्या, कारण एवढं उंच छप्पर म्हणजे देऊळच असणार. जाताना निम्म्या लोकांच्या चपला बदलल्या. वस्तूंची अदलाबदल करण्याचं आमच्या गावचं कसब तेव्हापासूनचं.

आणि मग राजेसाहेब भाषणाला उभे राहिले. त्यांच्या तोंडातून एक शब्द निघाला की माझ्या भिंतींवरून त्याचे तीन होऊन परत यायचे, आणि मागचा शब्द पुढच्याच्या अंगावर चढायचा. कुणाला काही कळेना. फक्त इंग्रज सरकारचे गोरे एजंट साहेब मान डोलवत होते, कारण त्यांना मराठी येतच नव्हतं. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं.

दुसऱ्या दिवशी माणदेशातून साळूबाई नावाची धनगरीण घोंगडी विकायला आली. मांडायला जागा नव्हती, म्हणून तिने आपला सगळा माल सज्जाच्या कठड्यावर टाकला. त्या दिवशी एका वैद्यबुवांचं व्याख्यान झालं आणि काय नवल, शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकू आला! तिसरा दिवसही बरा गेला. शेवटच्या दिवशी साळूबाईची घोंगडी खपली, कठडा रिकामा झाला आणि बक्षीस समारंभात मी पुन्हा ओरडू लागलो. दिवाण भिंती ठोकून पाहू लागले. साळूबाई आपलं गाठोडं बांधत होती. ती म्हणाली, "आवं, उगडा पडला म्हनून वरडतोय त्यो. माजी घोंगडी व्हती तवर गप व्हता का न्हाई? पांगरून घाला त्येला!"

त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. मोठमोठ्या लोकांना जे सुचलं नाही ते तिने जाता जाता सांगितलं.

तेव्हापासून राजेघाटात रीत पडली. हॉलमध्ये काही असलं की येताना घरचं घोंगडं आणायचं, दारात राखणदाराच्या हाती द्यायचं, तो ते कठड्यावर टाकणार, आणि कार्यक्रम संपला की आपलं आपण परत घ्यायचं. ओळखीसाठी प्रत्येकाच्या घोंगड्याच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची गाठ. तरीही अदलाबदल व्हायचीच. मग आठ दिवस गावात एकच विषय, "आमचं तुमच्याकडं आलंय काय?" घोंगडं बदलायला घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः जायचं, गड्याच्या हाती धाडायचं नाही, आणि त्या घरी चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. चहा झाला की अदलाबदल पुरी झाली. या चहांमध्ये जुनी भांडणं मिटलेली आणि दोन-तीन लग्नं जमलेली मला माहीत आहेत. बाहेरगावचे लोक थट्टेने मला घोंगड्यांचा हॉल म्हणू लागले. मला ते नाव आवडलं.

किती सांगू? वाईहून नाटकमंडळी यायची तेव्हा सज्जा गच्च भरायचा. हळदीची आणि फुलांची प्रदर्शनं झाली. एकदा पाचगणीहून टोपलीभर स्ट्रॉबेरी आली, ती लोकांनी जिभेला लावून औषध घेतल्यासारखी तोंडं केली. लढाईच्या काळात माझ्यात रेशनचा गहू भरला आणि उंदरांनी मला आपलं घर मानलं. संस्थान गेलं, मी नगरपालिकेचा झालो. साठ साली महाराष्ट्र झाला त्या दिवशी इतकी माणसं आली की कठड्यावर घोंगड्यांवर घोंगडी चढली. गाणाऱ्यांचे, बोलणाऱ्यांचे, रडणाऱ्या पोरांचे आवाज माझ्या पोटात साठले. एका दगडाविटांच्या जिवाला आणखी काय हवं?

पण एक कोपरा उरला होता.

छप्पन साली तो महारवाडा सगळा बौद्ध झाला. कायद्याने माझं दार त्यांना आधीच उघडं झालं होतं, तरी छप्पननंतर ती माणसं ताठ मानेने आत येऊ लागली. येताना रीतीप्रमाणे पांघरूणही आणायची. कुणाकडे घोंगडं, कुणाकडे जुन्या कपड्यांची शिवलेली वाकळ. दारात तात्याबा असायचा, माझा राखणदार. माणूस वाईट नव्हता. माझ्या काचा स्वतःच्या धोतराने पुसायचा. पण वस्तीतलं कुणी पांघरूण पुढे केलं की वर न बघताच म्हणायचा, "कठडा भरला."

कठडा भरलेला नसायचा. उत्तरेच्या तिसऱ्या खांबापासून कोपऱ्यापर्यंत पाच-सहा घोंगडी मावतील एवढी जागा नेहमी मोकळी राहायची. आणि त्याच मोकळ्या जागेखाली वस्तीतली माणसं बसायची, कारण त्यांना दुसरीकडे कुणी सरकून जागा देत नसे. झालं काय, की सगळ्या हॉलमध्ये शब्द नीट पोचायचा आणि त्या एका कोपऱ्यात फुटायचा. बाकीचे हसले की तिथली माणसं एकमेकांना विचारायची, "काय म्हनला?" गावात हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला कळत होतं, पण मला बोलता येत नाही. मला फक्त घुमता येतं.

त्या कोपऱ्यात बनाबाई बसायची. कोंडीबाची नात. लहानपणी ती उत्तरेच्या खिडकीखाली, बाहेर, भिंतीला पाठ लावून नाटकं ऐकायची. लढाईत नवरा गेल्यावर ती आई बायडाबाईजवळ राहू लागली आणि नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात दाई झाली. गावातली निम्मी पोरं पहिल्यांदा तिच्या हातावर रडली आहेत. बायडाबाई मात्र कधीच आत आली नाही. लेक बोलवायची तेव्हा म्हणायची, "आमचं मामंजी आत गेलं न्हाईत, मी कशाला जाऊ?" मामंजी म्हणजे सासरा, कोंडीबा.

सदुसष्टच्या डिसेंबरात, पहाटे, कोयनेकडून धरणी हलली. मला वाटलं माझा काळ आला. रंगीत काचा खळखळा फुटल्या, कौलं घसरली आणि उत्तरेची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराला कुलूप लागलं आणि कुलपावर पाटी, "इमारत धोक्याची आहे."

तेव्हा नगराध्यक्ष होते हिंदुराव. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरचा ऊस, बोलणं रोखठोक. भूकंपानंतर ते आठ दिवस कोयनेच्या खोऱ्यात मदतीला गेले होते. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. ढिगाऱ्याखालून माणसं काढली होती त्यांनी. एक दिवस माझ्या दारात उभे राहून ते तात्याबाला म्हणाले, "ह्यो पाडायचा. मी डोळ्यांनी बगून आलोय. उद्या नाटकाला पाचशे मानसं बसली आन् ह्यो बसला, तर मी कुनाला तोंड दावू?"

मला त्यांचा राग नाही आला. माणूस खरंच घाबरला होता, आणि तेही दुसऱ्यांसाठी. हिंदुराव गेल्यावर तात्याबा माझ्या पायरीवर बसला आणि एक फुटकी काच धोतराने पुसू लागला.

जानेवारीत एका सकाळी गावसभा बोलावली. मला पाडायचं की ठेवायचं ते हात वर करून ठरणार होतं. एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागाच गावात नव्हती, म्हणून सभा माझ्याच पोटात. साताऱ्याहून एक इंजिनिअर आले होते. त्यांनी सकाळपासून माझे खांब ठोकून पाहिले, उत्तरेकडे दोरी बांधली आणि सांगितलं की सगळ्यांनी दक्षिणेच्या अर्ध्यात बसावं. त्यामुळे वस्तीतल्या माणसांचा नेहमीचा कोपरा दोरीपलीकडे राहिला. ती बाकीच्यांच्या मधे मधे, जागा मिळेल तिथे बसली. बनाबाई बायकांच्या पहिल्या रांगेत आली. थंडी कडाक्याची होती, तिने वाकळ चौघडी करून खाली घेतली होती.

कठड्यावर एकही घोंगडं नव्हतं. सगळ्यांनी आपापली अंगावर लपेटली होती. सभेला कोण घोंगडं टांगतं? आणि तात्याबालाही वाटलं असावं, पाडायच्या हॉलला पांघरूण कशाला. लाउडस्पीकरही नव्हता, कारण माझी वीज तोडली होती.

हिंदुरावांनी अंगावरचं घोंगडं काढून बायको लक्ष्मीबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि ते बोलायला उभे राहिले. आणि मी घुमलो. शपथेवर सांगतो, मी घुमायचं नाही असं ठरवलं होतं. पण उघड्या अंगाने ते जमत नाही. सुभेदारांचा बसलेला आवाज माझ्या भिंतींनी पार चिंध्या करून टाकला. मग इंजिनिअर बोलू लागले, त्यांचंही तेच. मागून आरडाओरडा सुरू झाला, "ऐकू येईना! मोठ्यानं बोला!" मोठ्याने बोललं की आणखी वाईट.

कुणीतरी ओरडलं, "हात वर करा आन् मोकळं व्हा. बाजाराचा दिस हाय." चार-दोन हात वर गेलेसुद्धा. न ऐकताच माझा निकाल लागणार होता. आणि तो माझ्याच आवाजामुळे.

तेव्हा बनाबाई उठली. खालची वाकळ तिने उचलली, झटकली आणि दाराशी उभ्या तात्याबासमोर धरली.

"आवं तात्याबा, ही आमच्या कोपऱ्यावर टांगा."

सवयीने तात्याबाचं तोंड उघडलं. "कठडा..." एवढं बोलून तो थांबला.

"आज तरी भरला म्हनू नगा," बनाबाई म्हणाली. "समदा मोकळा हाय."

ती हळू बोलली होती, पण लोक एकदम गप्प झाले होते. सगळ्यांच्या माना वर गेल्या. सत्त्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच गावाने माझा कठडा नीट पाहिला असेल. तात्याबाने वाकळ हातात घेतली.

"भिताडाला चीर हाय बाई. वर जाऊ कसा?"

"सज्जा भिंतीवर नाही, खांबांवर आहे," इंजिनिअर म्हणाले. "चला, मीही येतो तुमच्याबरोबर."

दोघं जिना चढले आणि उत्तरेच्या सज्जात आले. माझ्यात पाचशे माणसं नाचलेली मला कधी जड झाली नाहीत, पण त्या चार पावलांना मी जीव मुठीत धरला. हिंदुराव तर दोन पावलं पुढे येऊन हात वर करून उभे राहिले होते, वरून कुणी पडलं तर झेलायला. काही हललं नाही. तात्याबाने वाकळ कठड्यावर पसरली. बरोबर तिसऱ्या खांबाशी. ठिगळांमध्ये एक तांबडं, विटलेलं ठिगळ होतं. मुंडाशाचं. मी ते ओळखलं.

एका वाकळेने माझं तोंड बंद होत नाही. पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपलं घोंगडं काढून जिन्याकडे दिलं. मग वस्तीतल्या आकारामने दिलं. मग लक्ष्मीबाईंनी मांडीवरचं सुभेदारांचं घोंगडं उचललं आणि नवऱ्याला न विचारता पुढे सरकवलं. सुभेदार बघतच राहिले. बघता बघता सगळी सभा थंडीत कुडकुडत बसली आणि माझा कठडा भरला. खरोखरचा भरला.

इंजिनिअर सज्जातूनच बोलले, आणि शब्द स्वच्छ खाली गेला. खांब पक्के आहेत. छप्पर खांबांवर आहे. गेली आहे ती एकटी उत्तरेची भिंत, आणि तिच्यावर कसलाच भार नाही. ती उतरवा, तिथे वाटल्यास मोठी दारं ठेवा, हॉल उभा राहील.

"साहेब, तुमी उद्या साताऱ्याला जाल," हिंदुराव म्हणाले. "मानसं हितं बसनार हायती. मी ढिगाऱ्याखालनं लेकरं काढल्याती. मला न्हाई धीर हुईत."

बनाबाई अजून उभीच होती.

"सुभेदार, तुमचं भ्याव खरं हाय," ती म्हणाली. "पर माजंबी ऐका. माज्या आज्याचा पाय त्या खांबाखाली ग्येला, त्यो आत आला न्हाई. माजी आई अजून आली न्हाई. मी आले, तर असल्या कोपऱ्यात बसले की एक शबुद धड कळला न्हाई. ल्हानपनी भाईर खिडकीखाली बसून यापरीस बरं ऐकू यायचं! आज पयल्यांदा मधी बसलीया. आज पयल्यांदा समदं ऐकू आलं. आन् आजच पाडायचं म्हंताय? आमी नीट बसायच्या आदीच उटवताय व्हय?"

माझ्यात टाळ्या पुष्कळ झाल्या आहेत. त्या वेळी टाळी पडली नाही. तात्याबा सज्जात खाली मान घालून उभा होता. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

हिंदुरावांनी वर बघून विचारलं, "साहेब, लिवून द्याल?"

"देतो."

"आन् भिंत उतरवायला मानसं?"

सगळ्यांनी बनाबाईकडे पाहिलं. जुनी सवय, दुसरं काय. बनाबाई ताठ उभी राहिली. "आमची वस्ती यील. पर बोलावनं आलं म्हनून न्हाई येनार. तुमी समदी आलासा तर येऊ."

"न यायला काय झालं?" बायकांमधून लक्ष्मीबाई बोलल्या. "दगडांची पयली पाटी मी उचलती."

"मग पयला घन माजा," हिंदुराव म्हणाले. आणि हात वर झाले, मला ठेवण्यासाठी. मी मोजले नाहीत. डोळ्यांसमोर सगळे हातच होते.

उन्हाळाभर श्रमदान चाललं. भिंत उतरली, तिच्या दगडांची पायरी झाली आणि उत्तरेला, वस्तीच्या बाजूला, चार मोठी दारं लागली. पण तुम्हाला घोंगड्यांचं सांगायचं राहिलं.

त्या दिवशी गडबडीत तात्याबाने कुणाच्या गाठी पाहिल्याच नव्हत्या. सभा सुटल्यावर येईल त्याच्या हातात येईल ती घडी कोंबली. गावात अशी अदलाबदल पूर्वी कधी झाली नव्हती. लक्ष्मीबाईंनी घरी जाऊन घडी उलगडली तर ती वाकळ. आणि बनाबाईच्या घरी सुभेदारांचं काळंभोर माणदेशी घोंगडं. पुढचं मी बायकांच्या गप्पांतून ऐकलं. माझ्यात बोललेलं कुठे जात नाही.

आठ दिवस बदलून घ्यायला कुणीच कुणाकडे गेलं नाही. सुभेदारांच्या घरात कुणी म्हणालं, गड्याच्या हाती धाडून द्या. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "रीत न्हाई तशी." वाकळ काखेत मारून त्या स्वतः वस्तीत गेल्या, बनाबाईच्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चा टाका. त्याबिगार मी उटनार न्हाई." बनाबाईने चहा केला. दोघींनी घेतला. राजेघाटात त्या चहाची चर्चा माझ्या भिंतीपेक्षा जास्त दिवस चालली, पण लक्ष्मीबाईंनी ती कानाआड केली.

चहा झाला, पण अदलाबदल काही झाली नाही. आत बायडाबाई घोंगडं गुरफटून झोपली होती आणि सोडायला तयार नव्हती. "लय ऊब हाय," एवढंच म्हणाली. लक्ष्मीबाई हसून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग. आमच्यातबी वाकळ सुटंना. सुभेदारांचं गुडगं तिच्यातच गप ऱ्हात्यात." आणि त्या वाकळ घेऊन परत गेल्या.

गेल्या हिवाळ्यात माझं नवं प्रदर्शन भरलं. हळद, गूळ, ऊस, आणि यंदा पाण्याचं इंजिन. त्यालाही हळदीकुंकू लागलंच. हिंदुराव स्वतः जिना चढले आणि वाकळ तिसऱ्या खांबाशी टाकून आले. तिचा एक कोपरा उसवला होता, तिथे लक्ष्मीबाईंनी आपल्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं होतं.

दुपारी उत्तरेच्या दारातून बायडाबाई आली. बनाबाईचा हात धरून, अंगावर सुभेदारांचं घोंगडं. तात्याबा पुढे झाला आणि म्हणाला, "आन हिकडं म्हातारे, टांगतो. जागा हाय."

"मी न्हाई देत. थंडी वाजतीया," म्हातारी म्हणाली, आणि तात्याबा किती वर्षांनी मोठ्याने हसला.

मग तिने वर पाहिलं. खांब पाहिला, वाकळ पाहिली, तांबडं ठिगळ पाहिलं. तिने लेकीचा खांदा धरला.

"बने," ती म्हणाली, "आमचं मामंजी वर बसल्यात की गं."

ती पुटपुटलीच होती, पण पार दारापर्यंत ऐकू गेलं. मी घुमलो नाही.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. काचा साध्या बसवल्या आहेत, पाठीवर कबुतरं आहेत, पण हाडं पक्की आहेत. खांब आणणाऱ्यांनी, मला पांघरूण घालायला सांगणारीने, काचा पुसणाऱ्याने, घाबरूनही घण उचलणाऱ्याने, आणि आत नीट बसायला मिळालं नव्हतं तरी माझ्यासाठी उभं राहणारीने मला जगवलं. या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुम्हीही कधी कृष्णाकाठाने जात असाल तर आत या. दारं आता दोन्हीकडे आहेत. येताना अंगावरचं काहीतरी घेऊन या, घोंगडं नसेल तर वाकळ आणा. कठड्यावर जागा आहे.